तासभर चालायला वेळ नाही, मग दोन-चार मिनिटांचा जोरदार व्यायाम पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, पणजीत दिवसभर खुर्चीवरचं काम, साखर काठावर, रोज तासभर चालणं होत नाही. 'दिवसाला ४ मिनिटं बस झाली' म्हणतात ते खरं का, आणि करायचं तर कसं?

४ मिनिटांचं आधी निकालात काढतो. ती गोष्ट जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगातून आली: २० सेकंद जीव खाऊन, १० सेकंद विश्रांती, असे ७-८ फेरे. पण ते जागच्या जागी चालवायच्या सायकलवर, तरुण आणि सरावातल्या मुलांनी, शेवटी पाय उचलेनासे होईपर्यंत केलेले. जिममध्ये त्याच घड्याळावर पोटाचे व्यायाम घेतात, ते नावापुरतं ताबाता. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या उपयोगाचा प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा, २०१६ चा. व्यायाम न करणारे पुरुष, १२ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस. एका गटाने मध्यम वेगात ४५ मिनिटं सायकल मारली, दुसऱ्याने २०-२० सेकंदांचे फक्त ३ जोर काढले. दमसास दोन्ही गटांत सुमारे १९ टक्क्यांनी वाढला, इन्सुलिनला शरीर देत असलेली दादही दोन्हीकडे सुधारली. मात्र जोर मिनिटभराचा असला तरी अख्खं सत्र १० मिनिटांचं होतं. आधीचं अंग गरम करणं आणि मधली विश्रांती गाळून चालत नाही. फायद्याचं कारण असं की २० सेकंदांत मांडीचे स्नायू साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, भराभर जाळतात आणि तो साठा परत भरताना रक्तातली साखर ओढून घेतात.

पणजीत यासाठी सायकल नको, चढ हवा. सपाटीवर एकदम धावलात तर मांडीची मागची शीर भरते. चढावर वेग कमी राहतो, पाऊल कमी आदळतं आणि छाती मात्र तितकीच भरून येते. आल्तिनोची चढण, मळ्यात मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, नाहीतर इमारतीचा जिना, काहीही चालेल. मिरामारची वाळू मी सुचवणार नाही. कोरड्या वाळूत पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो, ओल्या वाळूला समुद्राकडे उतार असल्याने एक पाय सतत खाली पडतो.

आता कृती. ५ मिनिटं चाला, शेवटचं मिनिट भरभर. मग २० सेकंद चढायचं, एकेक पायरी, पूर्ण पाऊल टेकवून. ३५-४५ पायऱ्या होतात. वर पोचल्यावर दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत असेल तर जोर कमी पडला. मग २ मिनिटं सावकाश उतरा, कठडा धरून. असे ३ फेरे, आणि शेवटी ३ मिनिटं रमतगमत चाल. पहिले २ आठवडे दहापैकी सात जोर लावा, पूर्ण जोर तिसऱ्या आठवड्यापासून. आठवड्यातून ३ वेळा, मध्ये एक दिवस मोकळा. मनगटावरच्या घड्याळाकडे बघू नका: २० सेकंदांत नाडी वर चढेपर्यंत फेरी संपते, आकडा मागाहून येतो.

चुका ठरलेल्या असतात. पायऱ्या धावत उतरणं ही सर्वांत वाईट. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यानेच, चढण्याने नव्हे. शेवटची फेरी झाली की तिथेच बसकण मारली तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. दात-ओठ खात श्वास रोखला की रक्तदाब उसळतो. हुमण-शितावर तर मुळीच नको, जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत उरका, कारण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर हिरवी बुळबुळ चढते. जून ते सप्टेंबर घरचा जिनाच बरा.

तेवढंही जमेना, तर ऑफिसचा जिना. मॅकमास्टरच्याच दुसऱ्या प्रयोगात ६० पायऱ्या भरभर, दिवसातून ३ वेळा, मध्ये काही तास सोडून, असे आठवड्याला ३ दिवस केले. ६ आठवड्यांत दमसास थोडा पण मोजण्याइतका वाढला. लिफ्टची वाट बघण्यापेक्षा बरं.

आयुष्य वाढतं का? ब्रिटनमधल्या २५ हजारांवर व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात, रोज मिनिट-दोन मिनिटांची तीनेक धावपळ होणाऱ्यांत मृत्यू ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसले. पण ते निरीक्षण आहे. मुळात धडधाकट माणसंच जास्त धावपळ करतात. नॉर्वेत ७० ते ७७ वयाच्या दीड हजारांवर लोकांना ५ वर्षं वेगवेगळे व्यायाम देऊन पाहिलं, तिथे मृत्यूत ठाम फरक निघाला नाही. म्हणून मी याला चालण्याऐवजी नव्हे, चालण्यासोबत घ्या म्हणेन. वजन याने फारसं उतरत नाही. तो हिशेब ताटातला.

साखर काठावर आणि वय चाळिशीपुढे, म्हणून सुरुवातीआधी रक्तदाब मोजा आणि डॉक्टरांशी बोला. साखरेच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने व्यायामानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते. उलट जोरदार फेऱ्यांनंतर तासभर ती वर दिसली तर घाबरू नका, यकृत साखर सोडतं. तापातून उठल्यावर पूर्ण बरं वाटेपर्यंत जोर नको, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर फेरी पुरी करायची नाही: जागेवर बसा आणि १०८ लावा.