मुलानं लिहिलेलं चरित्र

प्रश्न : आमच्या म्हापशातल्या मित्रमंडळात अमेरिकन सोल गायक-गिटारवादक कर्टिस मेफिल्डच्या चरित्रावरून वाद पेटलाय. २०१६ साली आलेलं हे पुस्तक त्याच्या मुलानंच, टॉडनं, एका सहलेखकासह लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

उत्तर : जरूर ठेवा. टॉडनं बापाचे दोषही झाकलेले नाहीत. माझा जीव मात्र गिटारीत अडकतो. कर्टिस लहानपणी पियानोच्या काळ्या पट्ट्या वाजवत शिकला आणि गिटारही त्याच सुरांत लावली, आयुष्यभर! आपल्याकडे पेटीवर काळी तीन धरून भजन म्हणतात ना, तोच त्याचा सूर. १९९० मध्ये ब्रुकलिनला मंचावरच्या दिव्यांचा सांगाडा अंगावर कोसळला, मानेखालचं शरीर लुळं पडलं. तरी १९९६चा शेवटचा अल्बम त्यानं उताणं पडून, एकेक ओळ करत गायला. आधी तो सगळ्यांनी मिळून ऐका, मग पुस्तकावर बोला.