कोलिमाचा कुत्रा आणि इतर प्रश्न

पश्चिम मेक्सिकोतल्या प्राचीन थडग्यांत सापडणाऱ्या मातीच्या मूर्तींबद्दल गेले काही महिने येणाऱ्या पत्रांत फिरून फिरून हेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

थडग्यांतल्या या मातीच्या मूर्ती माया लोकांच्या की अझ्टेकांच्या?

दोघांच्याही नाहीत. पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्को, कोलिमा, नायारित या भागातल्या, साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 400 या काळातल्या.

कोलिमाच्या थडग्यांतला मातीचा गुबगुबीत कुत्रा मेलेल्याला परलोकी नेतो, हे खरं ना?

असेलही. पण कुत्रा मृताला नदीपार नेतो ही नोंद सोळाव्या शतकातली, अझ्टेकांबद्दलची. मूर्तीनंतर हजारेक वर्षांची. शिवाय पश्चिम मेक्सिकोत कुत्री खाण्यासाठीही पोसत. मातीच्या एका कुत्र्याच्या तोंडावर तर चक्क माणसाचा मुखवटा आहे! एकच अर्थ छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी पुरावा विचारा.

इंटरनेटवरच्या लिलावात एक मूर्ती आहे. सोबत वयाचं प्रमाणपत्रही देतात. घेऊ का?

नको. तापदीप्तीच्या चाचणीतून (नमुना तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून तो शेवटचा कधी भाजला हे ठरवतात) कळतं ते नमुना घेतलेल्या तुकड्याचं वय. जुन्या तुकड्यांना नवी माती जोडून 'अखंड' मूर्ती उभी करणारे कारागीर कमी नाहीत. पूर्व मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या ब्रिहिदो लारा या मूर्तिकारावर 1974 मध्ये प्राचीन मूर्ती चोरल्याचा आरोप आला, तेव्हा त्यानं तुरुंगात माती मागवून तशाच मूर्ती घडवून दाखवल्या. तज्ज्ञही फसले होते!

आणि मूर्ती खरी निघाली तर जास्त वाईट. 1972 च्या कायद्यानं असा ठेवा मेक्सिकोच्या राष्ट्राचा आहे. 'जुन्या खासगी संग्रहातून' या तीन शब्दांना कागदांशिवाय काडीची किंमत नाही. पण मला कायद्यापेक्षा खड्ड्याची काळजी. ही थडगी म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा आणि तळाशी कोरलेली दालनं. बहुतेक चोरांनी उपसलेली. हालिस्कोतल्या वित्सिलापात 1993 मध्ये एक शाबूत सापडलं: दोन दालनं, सहा माणसं. एकाहून अधिक सांगाड्यांच्या मानेत एकच जन्मजात दोष, म्हणजे बहुधा एकाच घरातली. कोणाजवळ किती शंख, कोणती मूर्ती कोणाच्या शेजारी, हे जागेवरच कळतं. काचेच्या कपाटातली मूर्ती यातलं काहीच सांगू शकत नाही. मोह आवरत नसेल तर पैसे भरण्याआधी वकील आणि पुरातत्त्वज्ञ, दोघांनाही गाठा.

नायारितच्या थडग्यांतल्या घरांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृतींतून काय कळतं?

पुष्कळ. लिपी न ठेवून गेलेल्या लोकांचं जेवणखाण, गप्पा, चेंडूचा खेळ पाहणारी गर्दी. मात्र तो फोटो नव्हे.

आजोबांनी मेक्सिकोहून आणलेली मूर्ती धुऊ का?

पाणी लावू नका. मातीचे कण, रंगाचे डाग हाच पुरावा असतो. संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा, आणि आजोबांची पावती, पत्रं असतील तर तीही सोबत न्या.