निपाणी भागातल्या ३ एकर शेतीला शाश्वत किंवा सेंद्रिय प्रमाणपत्र कसं मिळवायचं?

तुम्ही विचारलंय की निपाणीजवळ ३ एकर जमीन आहे, २ एकरांत ऊस, १ एकरात सोयाबीन आणि मागून हरभरा. एक जण २५ हजार रुपयांत महिनाभरात ‘सेंद्रिय आणि शाश्वत’ दोन्ही प्रमाणपत्रं काढून देतो म्हणतोय, तर पैसे द्यावेत का?

देऊ नका. सेंद्रिय प्रमाणपत्र महिनाभरात कुणालाच मिळत नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी साधारण २ वर्षं आणि आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकाला तोडणीआधी ३ वर्षं रासायनिक काही न वापरता काढावी लागतात. हा रूपांतरणाचा काळ. जुन्या लेखी पुराव्यावर तो काही वेळा कमी होतो, पण ते प्रमाणन संस्था ठरवते, मधला माणूस नाही.

मी बेळगाव तालुक्यातली. येळ्ळूर बाजूला आमचं भाताचं शिवार आहे. धूळवाफ पेरणीनं बासमती आणि इंद्रायणी, भात कापलं की त्याच ओलीवर मसूर. गेली सात वर्षं आमच्या सेंद्रिय गटाच्या वह्या मी सांभाळते, त्यामुळे यातली अडचण कागदावर कमी आणि घरात-बांधावर जास्त असते हे सोसून शिकले आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करा. सेंद्रिय म्हणजे शाश्वत नव्हे. तुमच्या उसासाठी बोन्सुक्रो नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात युरियाला बंदी नाही. पाणी किती लागलं, खत किती टाकलं, मजुरी ठरल्याप्रमाणे दिली का, तोडीच्या टोळीत लहान मुलं कामाला होती का, हे सगळं ते मोजतात. एकटा २ एकरवाला हे सहसा काढत नाही. कारखाना आपल्या ऊस पुरवणाऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यात उतरतो आणि बाहेरची संस्था तपासणी करते. तेव्हा तुम्ही ऊस घालता त्या कारखान्याच्या शेती खात्यात जाऊन ‘असा कार्यक्रम आहे का’ एवढंच विचारा. नसेल तर हा विषय सध्या बाजूला ठेवा. अथणीकडं द्राक्षं परदेशी पाठवणारे ग्लोबल गॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र घेतात, तेही वेगळंच, आणि दर वर्षी नव्यानं करावं लागतं. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

सोयाबीन-हरभऱ्याला दोन वाटा आहेत. पहिली पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांना प्रमाणित करण्याची सरकारी पद्धत. गावातले किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांची शेतं पाहतात आणि लेखी निर्णय देतात. बाहेरच्या तपासनिसाची फी नाही. माल देशात विकता येतो, पण निर्यातीला हे चालत नाही. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत गावाचा समूह निवडला गेला तर ३ वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांची मदत आहे आणि त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. चौकशी रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या जवळच्या कार्यालयात करा. ही योजना राज्याच्या कृषी खात्यामार्फत राबते, म्हणून कुणाची जमीन कागल किंवा चंदगडात असेल तर त्या तुकड्यासाठी महाराष्ट्राच्या खात्याकडंच जावं लागतं. आपल्या भागात अशी घरं कमी नाहीत.

दुसरी वाट एनपीओपीची, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. ही २००१ पासून आहे आणि अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यात संस्था ती चालवते. यात त्रयस्थ संस्था येऊन तपासते, आणि निर्यातीला हेच लागतं. कर्नाटकात राज्याची स्वतःची बियाणे व सेंद्रिय प्रमाणन संस्थाही आहे. एकट्यानं घेता येतं, पण सगळा खर्च एकट्यावर पडतो. २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट असेल तर तो वाटला जातो. २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांनुसार गट कायद्यानं नोंदलेला असावा लागतो. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या: गटाचं प्रमाणपत्र गटाचं असतं. गट सोडून तुम्ही तोच कागद दाखवून माल विकू शकत नाही. म्हणून एखादी कंपनी ‘सगळं फुकट करून देतो’ म्हणाली, तर प्रमाणपत्र कुणाच्या नावावर राहणार आणि दुसऱ्याला माल विकता येईल का, हे सहीआधी विचारा. आमच्या ओळखीतले काही जण तीन वर्षं राबले आणि शेवटी एकाच खरेदीदाराच्या दरावर अडकले. त्यांची तळमळ बघवत नव्हती.

आता मूळ काम. उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, बँकेत तिसरंच स्पेलिंग. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की एखादं अक्षर हमखास बदलतं. नावातला फरक पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या आणि फ्रूट्स या कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीवर सगळे सर्व्हे नंबर चढले आहेत का बघा.

उतारा सामाईक असेल तर त्याहून जास्त जपा. आमचा होता. दिरांनी त्यांच्या वाट्यासाठी कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीतून युरियाची दोन पोती उचलली, आणि पावतीवर सर्व्हे नंबर तोच. दुसऱ्या वर्षी तपासनिसानं ती पावती पुढ्यात ठेवली. माझ्या वाट्यात दाणाही पडला नव्हता, पण वाटणीचा कागद नव्हता, बांधावर खूण नव्हती, मग सिद्ध कशानं करणार? लागून असलेल्या अर्ध्या एकराची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली गेली. त्या रात्री मी वही मिटून रडले. नंतर दिरांनीच पुढाकार घेतला, दोघांच्या सह्यांचा नकाशा केला, बांधावर दगड रोवले. तुम्ही हे पेरणीआधीच करा.

वहीत काय असावं? पेरणीची तारीख, बियाणं कुठलं (औषध चोळलेलं रंगीत बियाणं चालत नाही, पिशवी जपून ठेवा), शेणखत कुणाच्या गोठ्यातलं, जीवामृत कधी घातलं, काढणी किती पोती, विक्री कुणाला. त्याच दिवशी लिहायचं. महिन्याचं एकदम लिहिलेलं तपासनिसाला अक्षरावरून कळतं. गटात आतली तपासणी वर्षातून दोनदा होते. नोंदवलेल्या क्षेत्रातून येईल त्यापेक्षा जास्त माल विकायला गेलात तर ट्रेसनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन नोंदीत अडतं, कारण प्रत्येक विक्रीला वेगळा व्यवहार दाखला निघतो.

शेजारचा प्रश्न मोठा. पलीकडच्या काकांना मी तणनाशकाचं सांगायला गेले तर म्हणाले, “वाऱ्याला काय बांध कळतोय काय?” खरंच आहे. म्हणून बांधालगतचा पट्टा सोडावा लागतो, त्यातलं पीक वेगळं कापायचं, वेगळं विकायचं, आणि ते वहीतही दाखवायचं. तुमच्याच २ एकर उसात रासायनिक खत असेल तर हीच काळजी घरच्या घरात घ्यावी लागेल. पंप वेगळा, खताची जागा वेगळी, पाण्याचा पाट उसातून हरभऱ्यात उतरता कामा नये. पाण्याचं मी मुद्दाम सांगते. आमच्याकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसात शिवारात पसरतं आणि शहराची घाण घेऊन येतं. त्या पाण्यात बुडणारे तुकडे आम्ही नोंदणीतून बाहेरच ठेवले, कारण तिथं आपण कितीही प्रामाणिक राहिलो तरी पाणी आपल्या हातात नाही.

पुढं ऊसही सेंद्रिय करून गुळाला घालायचा विचार असेल तर गुऱ्हाळालाही प्रमाणन लागतं. नुसता ऊस सेंद्रिय असून भागत नाही. हायड्रॉस (गूळ उजळ करणारी रासायनिक पावडर) न वापरता भेंडीच्या रसानं मळी काढणारं, तुमच्या उसाआधी काहील धुऊन घेणारं गुऱ्हाळ आधी शोधा, मग लागवड करा.

माझं मत विचाराल तर १ एकर सोयाबीन-हरभऱ्यावर, चार शेजारी जोडून पीजीएसनं सुरुवात करा. २५ हजार मागणाऱ्या त्या माणसाकडं मात्र त्यानं आधी काढून दिलेल्या एखाद्या प्रमाणपत्राचा नंबर मागा. एनपीओपीचं असेल तर ते देणाऱ्या संस्थेचं नाव अपेडाच्या यादीत आहे का बघा आणि त्या संस्थेकडं तो नंबर विचारून घ्या. पीजीएसचं म्हणाला तर त्या गटातल्या एका तरी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन या.