टिम ड्रेकला रॉबिन (बॅटमॅनचा मदतनीस) म्हणून घ्यायला बॅटमॅन आधी तयार नव्हता, मग त्याचं मन कसं वळलं?

मारामारी करून नाही, डोकं चालवून.

आधी बॅटमॅनचा नकार समजून घ्या. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, 1988 च्या कॉमिकमध्ये खलनायक जोकरच्या हातून मेला. (त्याला जगवायचं की मारायचं, हे वाचकांनी फोनवर मत देऊन ठरवलं. 5343 विरुद्ध 5271, म्हणजे फक्त 72 मतांनी पोरगा गेला!) त्यानंतर आणखी एका मुलाचा जीव धोक्यात घालायला बॅटमॅन कसा तयार होणार?

टिम मात्र वेगळ्याच वाटेने आला. लहानपणी त्याने सर्कशीत डिक ग्रेसनची (पुढे पहिला रॉबिन झालेला मुलगा) हवेतली चौपट कोलांटी पाहिली होती. पुढे टीव्हीवर रॉबिनने तीच मारली आणि नऊ वर्षांच्या या पोराने ओळखलं की रॉबिन म्हणजे डिक, म्हणजेच बॅटमॅन हा डिकला सांभाळणारा ब्रूस वेन. तरी वर्षानुवर्षं कुणाला चकार शब्द सांगितला नाही. माझ्या मते खरी परीक्षा तो तिथेच पास झाला होता.

1989 मध्ये खलनायक टू-फेसच्या सापळ्यात बॅटमॅन आणि नाइटविंग (मोठ्या झालेल्या डिकचं नवं नाव) अडकले, तेव्हा टिम रॉबिनचा पोशाख चढवून धावून गेला. तरीही पोशाख लगेच हक्काचा झाला नाही, आधी कित्येक महिने तालीम. शेवटी 1990 मध्ये खलनायक स्केअरक्रोच्या तावडीतून बॅटमॅनला सोडवायला तो निघाला तेव्हा रॉबिनचा पोशाख मुद्दाम घातला नाही, साधा मुखवटा लावून गेला. बाहेर न पडण्याचा बॅटमॅनचा हुकूम मोडला, पण नावाचा मान राखला. त्यानंतर ब्रूसने स्वतःहून त्याला नवा पोशाख दिला.