विमान ऐनवेळी रद्द झालं, तर तिकिटाच्या पैशांशिवाय वेगळी भरपाई मिळते का?

पुणे–दिल्ली विमान रद्द झाल्याचा मेसेज निघायच्या चार तास आधी आला आणि कंपनी म्हणते, रिफंड घ्या, विषय संपला. विषय संपत नाही.

डीजीसीए या सरकारी हवाई वाहतूक नियामकाच्या नियमानुसार विमान रद्द झाल्याचं २४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना कळवलं, तर रिफंड हवा की दुसरं विमान हे तुम्ही ठरवायचं आणि भरपाई त्यावर वेगळी. ठरलेला प्रवासवेळ १ तासापर्यंत असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये. वेळापत्रकात पुणे–दिल्ली सहसा दोन तासांच्या वर असतं. मेख अशी, की हा आकडा किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यात कमी असेल ते मिळतं. तिकिटातलं फेअर ब्रेकअप, म्हणजे भाड्याची फोड, उघडा. समजा एकूण ५,६०० पैकी हे दोन मिळून ४,३०० आहेत, तर भरपाई ४,३००. रिफंडचे ५,६०० निराळे. तो ॲपवर घेतला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेलं व्हाउचर मात्र घेऊ नका.

कंपनी हात झटकते ती बहुतेक ‘ऑपरेशनल रीझन’ म्हणून. धुकं, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप, दंगल अशी तिच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही, पण नुसतं ‘ऑपरेशनल’ म्हणणं हे असं कारण नव्हे. नेमकं कारण ईमेलवर मागा, फोनवर नको. हवामान सांगितलं तर त्याच तासात पुण्याहून सुटलेली आणि दिल्लीत उतरलेली इतर विमानं फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुसरी पळवाट मोबाइल नंबरची: एजंटनं बुकिंगमध्ये स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर पुरेसा संपर्क दिला नाही म्हणून नकार येऊ शकतो.

विमान रद्द न होता नुसतं लांबलं असतं, तर देशांतर्गत प्रवासाला या नियमात रोख भरपाई नाही. वेळेत चेक-इन केलं असेल तर अडीच तासांपर्यंतचा प्रवास असलेल्या विमानाला २ तास उशीर झाल्यावर खाणंपिणं. ६ तासांहून जास्त झाला, तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानचं विमान ६ तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. नेटवर भरपाई म्हणून दिसणारे ६०० युरो युरोपीय संघाच्या नियमातले. मुंबई–म्युनिकला तो नियम युरोपीय कंपनीचं विमान असेल तरच लागतो.

तक्रार आधी कस्टमर केअरला लेखी करा, मग कंपनीनं तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला, मग अपिलीय अधिकाऱ्याला; दोघांचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. सोबत एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवरही टाका. तिथून ती कंपनीकडेच जाते आणि पुष्कळदा ठरावीक उत्तर देऊन बंद होते. मग जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन. वकील सक्तीचा नाही, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. ऐनवेळी महाग दुसरं तिकीट काढावं लागलं असेल तर त्याचं बिलही जोडा. आयोग तो खर्च आणि मनस्तापाचे पैसे वेगळे देऊ शकतो.