भुसा ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरची ओढ शेवटच्या मशीनपर्यंत पोचत नाही. मोठी मोटर घ्यावी का?

मोटर इतक्यात बदलू नका. २ एचपीचा कलेक्टर, १०० मिमीचा पाइप, त्यावर तीन मशिनी. कलेक्टरच्या तोंडाशी ओढ जबर आणि टोकाच्या रंधा मशीनखाली ढलप्यांचा ढीग, असं तुम्ही लिहिलंय. यात मोटरपेक्षा हवेची वाट अरुंद असण्याची शक्यता जास्त आहे. तळहाताला बसणारा जोर हा दाब असतो. भुसा वाहून नेते ती हवा, आणि ती वेगळी मोजावी लागते.

दाबाच्या फरकावरून तिचा अंदाज घ्यायला दोन मीटर पारदर्शक नळी पुरते. ती यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा. कलेक्टरच्या तोंडाआधी, एल्बोपासून (वळणाच्या जोडापासून) लांब, सरळ पाइपात ३ मिमीचं भोक पाडून नळीचं एक टोक त्यावर घट्ट लावा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मिमीमध्ये वाचायचा. आधी सगळी गेटं (प्रत्येक मशीनकडची हवा बंद करणाऱ्या झडपा) बंद ठेवून, मग फक्त टोकाचं गेट उघडून.

बंद गेटांचा आकडाच कलेक्टरच्या माहितीपत्रकातल्या कमाल दाबापेक्षा बराच कमी आला तर कुठूनतरी हवा शिरतेय, नाहीतर इम्पेलर (कलेक्टरचा पंखा) उलटा फिरतोय. थ्री-फेजच्या दोन तारा उलट लागल्या तरी पंखा ओढतोच, पण अगदी कमी, त्यामुळे हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. बंद आकडा चांगला, पण गेट उघडल्यावरही तो जवळपास तसाच राहिला तर वाट चोंदलेली किंवा अरुंद आहे. गेट उघडताच आकडा धाडकन पडला आणि तरी मशीनवर ओढ नाही, तर फिल्टर पाहा.

तुमच्याकडे बहुधा मधली गोष्ट, म्हणजे अरुंद वाट निघेल. भुसा पाइपात न बसता वाहायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर हवा. त्या वेगाने १०० मिमीतून तासाला ५६५ घनमीटर हवा जाते, १५० मिमीतून १,२७०. आणि तितकीच हवा न्यायची तर १०० मिमीत दाब सातपटीहून जास्त खर्ची पडतो. म्हणून मुख्य लाइन १५० मिमीची करा. कलेक्टरच्या तोंडावरचा १०० मिमीचा दुहेरी वाय (दोन तोंडांचा Y आकाराचा जोड) काढून पाहा. मागे अनेकदा १२५ किंवा १५० मिमीचं मूळ तोंड सापडतं. तिथे ढलप्या अडवणारी जाळीही असते. रंध्याच्या लांब ढलप्या तिच्यावर पक्ष्याच्या घरट्यासारख्या गुंततात. मुख्य स्विच बंद करून, प्लग काढूनच हात घाला.

इथे एक फसगत होते. मुख्य लाइन १५० केली आणि मशीनकडे १०० मिमीची एकच फांदी उघडी ठेवली, तर फांदीत २० मीटरचा वेग असतानाही मुख्य पाइपात तो ९ च्या खाली येतो आणि भुसा तळाशी बसतो. तेव्हा १५० मिमी शक्य तितकं मशीनजवळ न्या, मशीनचं तोंड मोठं करा, किंवा दुसरं एखादं गेट अर्धवट उघडं ठेवा.

कोरुगेटेड लवचिक नळी सरळ पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडथळा करते. मशीन हलवायला लागते तेवढीच, अर्धा-एक मीटर ठेवा. ९० अंशाच्या टीऐवजी ४५ अंशाचा वाय लावा, त्याची फांदी हवेच्या दिशेने झुकलेली हवी. वळणाला दोन ४५ आणि मध्ये हातभर सरळ तुकडा.

फिल्टर नुसता झटकून भागत नाही. कार्ट्रिज (घड्यांच्या कागदाचा फिल्टर) असेल तर बाहेर उघड्यावर नेऊन, मास्क लावून, कमी दाबाची हवा बाहेरून आतल्या बाजूला मारा. घड्यांमधलं पिठासारखं बारीक चूर्ण निघेपर्यंत मारत राहा. पण कॉम्प्रेसरची नोझल कागदाला टेकवू नका, भोक पडलं की सगळ्यात घातक धूळ सरळ खोलीत येते.

टेबल सॉचं (टेबलात बसवलेल्या गोल करवतीचं) खालचं कपाट चारी बाजूंनी बंद असेल तर त्यात हवा शिरायलाही जागा लागते. निघण्याचं तोंड जेवढं, निदान तेवढ्या क्षेत्रफळाची फट त्याच्या समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा कपाटाचा तळ झाडत जाईल.