डोळे मिटले की विचार वाढतात, मग योगाने मन शांत होतं ते कसं?

ध्यानाला वीस मिनिटं बसता, ती जास्त होतात. आधी ती कमी करा, मग बाकीचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की सहा महिने योगवर्गाला जाताय, कंबर मोकळी झाली, हात पायाच्या अंगठ्याला लागायला लागले. पण ध्यानाला बसलात की घराचा हप्ता, साहेबांचं बोलणं, कॉलेजमधलं जुनं भांडण, सगळं रांग लावून येतं. आणि विचारलंय, योगाने मन शांत होतं हे खरं, की ही नुसती अंगाची कसरत?

मी गोव्यात चोडण बेटावर राहते आणि पणजीला एका कार्यालयात हिशेब बघते. बाहेरच्या लोकांना वाटतं, गोव्यातल्या माणसांना योग कशाला, ती जन्मतःच सुशेगाद. शब्द पोर्तुगिजांनी दिलेला, अर्थ निवांत. या लोकांनी मार्चअखेरीला एकदा आमच्या विभागात येऊन बसावं.

मला तेव्हा रोज पहाटे तीनला जाग यायची. पडल्या पडल्या बेरजा सुरू. कुणीतरी म्हणालं प्राणायाम कर, म्हणून मोबाईलवर बघून भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास घेणं-सोडणं, सुरू केली. जेवढी जोरात तेवढी चांगली, अशी माझी समजूत. आठवड्याभरात एका सकाळी बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छाती धडधडायला लागली. मला वाटलं संपलं सगळं. नवरा शर्टाची बटणं न लावताच गाडी काढायला धावला. हृदयाला काही झालं नव्हतं. भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं. आधीच घाबरलेल्या माणसाला हे म्हणजे आगीत तेल. तुम्ही असलं काही करत असाल तर आजच बंद करा.

त्यानंतर मी गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे जायला लागले. देवळाच्या सभामंडपात पहाटे सहा-सात जणं जमायची. मास्तरांनी पहिले पंधरा दिवस ध्यान हा शब्दही काढला नाही. सूर्यनमस्कार, ताडासन, थोडं वाकणं-वळणं, शवासन, आणि मग श्वास सोडणं. घेणं नव्हे, सोडणं. मी घाईने सोडला की डोळे न उघडता म्हणायचे, "सवकास गो, सवकास." एवढंच. मी वैतागून विचारलं, विचार कधी थांबणार? तर म्हणाले, "मानस बघितलीस ना? नदी थांबवते ती?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे खाडीकाठची खाजन शेती भरतीच्या पातळीखाली असते. बांध घालून ती राखतात आणि बांधात एक लाकडी दार ठेवतात, त्याला म्हणतात मानस. हो, मनाला असतो तोच शब्द. भरती चढली की नदीच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. कुणी जाऊन उघडझाप करत नाही. फक्त दारात ओंडका अडकलेला नाही ना, फळ्या कुजल्या नाहीत ना, एवढं बघावं लागतं. दुर्लक्ष झालं की खारं पाणी शेतात. मास्तर स्वतः खाजनात राबलेले, त्यामुळे त्यांना उपमा शोधावी लागली नाही.

"योगश्चित्तवृत्तिनिरोधः", म्हणजे योग हा चित्तवृत्तींचा निरोध, हे पतंजलीचं सूत्र मी शाळेपासून ऐकत होते आणि निरोध म्हणजे धरण समजत होते. मास्तरांनी दाखवली ती मानस. पतंजलीच्या सूत्रांची संख्या 195 (काही पाठांत 196), त्यांत प्रत्यक्ष आसनावरची फक्त 3. तेव्हा तुमची शंका चुकीची नाही, नुसत्या अंगठा धरण्याने काही होणार नाही. पण कसरत वायाही गेलेली नाही. मन विस्कटलं की सोबत काय काय येतं हे सांगताना पतंजलीने दुःख आणि वैताग यांच्या जोडीला अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वासही धरलेत. मनाला थेट हात घालता येत नाही, शरीराला आणि श्वासाला घालता येतो. म्हणून आधी अंग जागेवर, मग श्वास, आणि मग मन कशावर तरी टेकवणं. तुम्ही बहुतेक मधली पायरी गाळून थेट डोळे मिटताय. मग येणारच की रांग.

श्वास सोडण्यावरच भर का, तर श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात. स्वतःची नाडी धरून बघा, बऱ्याच जणांना बोटाला कळतं. लांब सोडलेला श्वास शरीराला सांगतो की वाघ गेला. मोठमोठ्या दाव्यांपेक्षा मला हे पटतं, कारण ते मनगटावर तपासता येतं.

माझा खरा सराव झाला तो मात्र फेरीबोटीत. रायबंदरहून चोडणला जायला तशी थोडकीच मिनिटं लागतात. स्कूटर लावायची, सीटवरच बसून राहायचं. रॅम्प उचलला की सुरुवात, पलीकडे पडला की बंद. श्वास सोडताना एक, पुन्हा सोडताना दोन, असं दहापर्यंत, मग परत एकपासून. डोळे अर्धे उघडे, नजर पाण्यावर. इंजिनाची घरघर, डिझेलचा वास, शेजारी मासळीची टोपली आणि दोघींचं सुनेवरून चाललेलं बोलणं. पहिला महिनाभर मी चारच्या पुढे गेलेच नाही. चारला मन हिशेबाच्या वहीत शिरायचं आणि खारफुटी जवळ आली की कळायचं, अरे, आपण श्वास मोजत होतो. कळलं की पुन्हा एक. चिडायचं नाही. या चिडण्यातच माझं अर्धं वर्ष गेलं, तेवढं तुम्ही वाचवा.

बिनआवाजाची खोली, अगरबत्ती, महागडी चटई यांची वाट बघू नका. आमच्या हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यांवर सुंदर योगशाळा आहेत, पर्यटक महिना-महिना राहून शिकतात. पण मला रोज परतायचं असतं ते फेरीने.

आणि गोडी लागेल एवढंच करा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानोबा अर्जुनाच्या तोंडून मनाची चंचलता वदवून घेतात, आणि मग म्हणतात, मनाचा एक गुण चांगला आहे, जिथे त्याला गोडी लागते तिथे ते सोकावतं. सोकावलेल्या मांजराला हाकलावं लागतं, बोलवावं लागत नाही. वीस मिनिटं दात-ओठ खाऊन बसलात तर मन त्या जागेचा धसका घेईल. पाच मिनिटं करा, अजून थोडं बसावंसं वाटत असतानाच उठा. पण रोज.

आता एक गंभीर गोष्ट. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, छातीत धडधड वारंवार होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर देशात कुठूनही लागतो. गोव्यात असाल तर बांबोळीला मनोविकार संस्था आहे. मी स्वतः काही महिने गोळ्या घेतल्या, सोबत मास्तरांचा वर्गही चालू होता, दोघांचं भांडण झालं नाही.

पहाटे तीनला अजून कधीतरी जाग येते. विचारही येतात. फरक इतकाच की बेरजा पूर्ण करायला मी उठून बसत नाही.

काल संध्याकाळी परतताना सातपर्यंत गेले होते. छान चाललं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. रॅम्प केव्हाच पडला होता आणि सगळ्यांच्या वाटेत माझी स्कूटर.